अंतर

बसवनगुडीतील मराठी माणसाला पुण्याचे अंतर विचारले, तर तो बहुधा किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. आणि तोही दोन प्रकारांनी. विमानात दीड तास, दारापासून दारापर्यंत सहा. दोन विमानतळांमधील सव्वासातशेच्या आसपास किलोमीटर दीड तासात सरतात. उरलेला वेळ शहरांत जातो. २००८ पासून बंगळुरूचा प्रवासी विमानतळ देवनहळ्ळीजवळ, बसवनगुडीच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. ज्या केंपेगौडांचे नाव त्याला दिले, त्यांच्याच घराण्याने शहराच्या चहूबाजूंना मनोरे उभारले. त्यांतील एक बसवनगुडीच्या शेजारी, केंपांबुधी तळ्याजवळ आहे. शहराची वाढ या मनोऱ्यांपर्यंतच होईल, अशी आख्यायिका आहे. शहर त्यांना ओलांडून गेले, आणि प्रवासातील अवघड पल्ला गावातच पडू लागला.

सतराव्या शतकात हेच अंतर मुक्कामांनी मोजले जाई. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांच्या औदार्याची कीर्ती ऐकून जयराम पिंड्ये हा कवी महाराष्ट्रातून त्यांच्या दरबारी गेला. आपल्याला बारा भाषांत कविता करता येते हे सुचविण्यासाठी त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. अशा प्रवाशाला ती वाट लांबली असेल, पण वाया गेली नसावी.

जमिनीवरच्या वाटेला हा गुण असतो. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, चित्रदुर्ग, तुमकूर असे सुमारे ८४० किलोमीटर जाताना भाषा कोणत्याही एका रेषेवर बदलत नाही. बेळगावकडील मराठीला कानडी हेल असतो, धारवाडच्या कानडीत मराठी शब्द घरच्यासारखे वावरतात. हे धारवाड वाटेच्या जवळजवळ मध्यावर आहे. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे तेथे कन्नडचे ‘वरकवी’ झाले. तेथेच महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथा लिहिली. विमानाच्या सरळ वाटेवर धारवाड लागत नाही.

म्हणून विमानाला दोष देणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. तार मिळताच आगगाडीने निघालेल्या लेकीला आईचे मुखदर्शनही झाले नाही, असे प्रसंग जुन्या पिढीने सोसले आहेत. आज पहाटे फोन आला, तर दुपारी ती आईच्या उशाशी बसू शकते. मराठीत ‘अंतर देणे’ म्हणजे जवळच्या माणसाला सोडून देणे. ते पातक दीड तासाच्या या प्रवासाने कितीकांना टाळता आले.

तरीही काही हातचे सुटते. बसवनगुडीत वाढणारे मराठी घरातले मूल गांधी बाजारात फुले घेताना कन्नड बोलते आणि पुण्याच्या आजीशी मराठी. दोन्ही भाषा त्याला येतात. पण एक गाव या टोकाला आणि एक त्या टोकाला, मध्ये नुसते ढग, अशी त्यांची ओळख त्याला झालेली असते. या दोघी एकमेकींशी बोलताना त्याने ऐकलेल्या नसतात. त्या ऐकायच्या, तर एकदा तरी रस्त्याने निघून धारवाडला उतरावे लागते.