नवीन वाण की घरचं बियाणं? माझी चूक आणि माझा हिशोब



ज्वारी हुरड्यावर आली होती, तेव्हा पुण्याचा भाचा दोन दिवस राहायला आला होता. रात्री आगटीजवळ बसून तो त्याच्या मित्रांच्या गप्पा सांगत होता. पुण्यात आता जागच्या जागी बिअर बनवणारी हॉटेलं झालीत, तिथं हा दर शनिवारी जातो आणि दर वेळी नवीन चवीची बिअर मागवतो. एकदा घेतलेली परत घ्यायची नाही असा त्याचा नेमच आहे. त्याचा एक मित्र मात्र गेली सहा वर्षं एकच घेतो, आणि सगळे त्याला हसतात.

मी आपला माळकरी माणूस, त्या वस्तूतलं मला काय कळत नाही. पण मामा म्हणून चार शब्द सुनवावेत असं वाटलं. म्हणलं, "अरे, दर वेळी नवीन घेतोस, मग तुला आवडतं काय ते तुला कधी कळणार?"

तेवढ्यात आमच्या मंडळी चटणी घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या मामांचं तरी काय वेगळं हाय? दर साली नवी पिशवी. यंदा कुठली ज्वारी खातोय ते पिठाला तरी ठावं असतंय का?"

सगळे हसले. मी पण हसलो. पण झोप काय लवकर लागली नाही. ह्या पानावर मी नऊ वर्षं नवनवीन वाणांचे फोटो टाकतोय, तुम्ही बरेच जण ते बघून पेरता. म्हणून आज जरा मनातलं लिहितो.

आमचा भाग भीमेकाठचा, सोलापूर जिल्हा. रब्बी ज्वारीचं हे माहेरच. आमच्या वडलांनी उभ्या हयातीत एकच ज्वारी पेरली, मालदांडी. १९६४ साली देशात पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. पुढं खरिपात संकरितचा बोलबाला झाला, पण आमच्या रब्बीच्या काळ्या रानात वडलांनी मालदांडी हलू दिली नाही. कापणीच्या आधी ते रानात फिरायचे. बांधाकडची ताटं सोडून मधल्या रानात जायचे, आणि न लोळलेलं, भरल्या कणसाचं, मोत्यासारख्या दाण्याचं ताट दिसलं की त्याला जुन्या धोतराची चिंधी बांधायचे. चिंधीची कणसं वेगळी खुडायची, वेगळी बडवायची, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. पेरायच्या आधी गंधक चोळायचं, म्हणजे काणी येत नाही. एवढंच त्यांचं शास्त्र.

मला त्याचा कंटाळा यायचा. मी दहावी झालेला, कृषी प्रदर्शनाला जाणारा, विद्यापीठाच्या घडीपत्रिका वाचणारा. वडलांना म्हणायचो, "जग कुठं गेलं आणि तुम्ही अजून तिथंच." ते म्हणायचे, "तू पेर की तुझं. माझ्या दोन एकराला हात लावू नको." मग मी विहिरीकडच्या तुकड्यात फुले वसुधा केली, फुले रेवती केली, परभणी मोती केली, फुले सुचित्रा केली. खोटं कशाला सांगू, मजा यायची. नवीन पिशवी फोडताना जो आनंद होतो तो तुम्हालाही माहीत आहे. उगवण कशी येईल, कणीस कसं पडेल, शेजारी काय विचारतील!

२०१६ ला वडील गेले. त्या रब्बीला मी त्यांच्या दोन एकरातही नवीन वाण पेरलं. २०१७ ला दुसरं. चिंध्या बांधायचं बंद झालं. त्यांचं बियाणं माळवदावरच्या पत्र्याच्या डब्यात होतं, मनात आलं की पेरू म्हणून तसंच राहिलं. २०१८ ला परतीच्या पावसानं तोंडच दाखवलं नाही, आमच्याकडं पेरणीच झाली नाही. २०१९ ला आईनं विचारलं, "ह्यांची ज्वारी कधी पेरणार?" तेव्हा डबा उघडला.

आत सोंडे फिरत होते. खाली भुकटी. तरी शंभर दाणे निवडून ओल्या गोणपाटात गुंडाळले. सात दिवसांनी मोजले. अकरा उगवले होते.

मंडळी, वडील गेले तेव्हा मी इतका हललो नव्हतो. बाजारात मालदांडीची पिशवी मिळते, ती आणता आली असती. पण आमच्या रानात, आमच्या ओलीवर, चाळीसेक वर्षं निवडून आलेलं बियाणं पिशवीत कुठून मिळणार? आईला मी काहीच सांगितलं नाही. दोन दिवस तोंड चुकवत फिरलो.

शेवटी आठवलं की भीमेपल्याड आत्या आहे. तिच्या घरचे दर चार-पाच वर्षांनी वडलांकडून बियाणं न्यायचे. गाडी काढून गेलो. आत्यानं काही विचारलं नाही, कणगीतल्या दोन पायल्या काढून दिल्या. पिशवीचं तोंड बांधताना एवढंच म्हणाली, "दादा द्यायचा तवा म्हणायचा, आपल्या घरातलं बुडालं तर तुमच्या घरात सापडंल."

ते बियाणं दीड एकराला पुरलं. आज माझ्याकडं आहे ते त्याच दोन पायल्यांचं.

आता म्हणाल, म्हणजे जुनं तेच सोनं का? तर नाही. तेही मी खोटं बोलणार नाही.

पहिली गोष्ट. आपण जिला जुनी म्हणतो ती मालदांडी ३५-१ पण एके काळी नवीनच होती. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून ती काढली. आमचे आजोबा त्याआधी दगडी करायचे. त्यांनी नव्याला हात लावला नसता तर वडलांना जुनं म्हणून धरायला मालदांडी कुठून आली असती? कुणीतरी एक साल धाडस केलेलं असतं, तेव्हा पुढच्याला सवयीची चव मिळते.

दुसरी गोष्ट. विहिरीकडच्या भारी रानात, दोन पाणी देऊन, फुले रेवती मला दर साली मालदांडीपेक्षा जास्त देते. गेल्या साली एकरी तीन क्विंटलचा फरक पडला. तिथं मी आता मालदांडी लावत नाही. हट्टानं लावली तर वडलांचा मान राहील, पण घराचं नुकसान होईल.

तिसरी गोष्ट चवीची. मी छातीठोकपणे म्हणायचो की मालदांडीची भाकरी डोळे झाकून ओळखीन. मंडळींनी परीक्षाच घेतली. तीन वाणांच्या तीन भाकरी, कुठली कुठली ते न सांगता ताटात ठेवल्या. मी सुचित्राच्या भाकरीला मालदांडी म्हणालो! आईनं मात्र अर्धी अर्धी फडक्यात बांधून ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी मोडून बघितली आणि मऊ राहिलेली उचलून म्हणाली, "ही आपली." बरोबर निघाली. तेव्हा चव जिभेवर असतेच, पण ती कळायला ऐंशी वर्षांची सवय लागते. माझ्यासारख्या दर साली पीठ बदलणाऱ्याला ती कशी कळावी?

आता चुकीचं सांगतो, जी अजून मला टोचते.

२०१७ ला मी ह्याच पानावर रेवतीचे फोटो टाकले. कणसं अशी की बघत राहावं. खाली लिहिलं, "मालदांडीला पर्याय मिळाला." ते वाचून आमच्या शिवेजवळच्या एका भावानं बियाणं आणून तीन एकर पेरलं. त्याचं रान माळाचं, वीतभर मातीखाली मुरूम, पाणी नाही. दाणा भरायच्या वेळी ओल संपली. कणसं पोचट राहिली, कडबाही आखूड. तो मला एक शब्द वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "तुझा फोटो बघून पेरलं रं."

वाणाचा दोष नव्हता. विद्यापीठानं स्पष्ट सांगितलेलं आहे. हलक्या रानाला फुले अनुराधा, फुले माऊली. मध्यमला फुले सुचित्रा, परभणी मोती, मालदांडी ३५-१. भारी कोरडवाहूला फुले वसुधा, फुले यशोदा. भारी बागायतीला फुले रेवती. दोष माझा होता. मी फोटो टाकला, पण रान किती खोल, पाणी किती दिलं, खत काय टाकलं, हे लिहिलंच नाही. त्याहून मोठं म्हणजे मी तुलनाच खोटी केली होती. नव्याला विहिरीकडचं रान, शेणखत, दोन पाणी. जुन्याला ओढ्याकडचं पडीक रान आणि वरचा पाऊस. मग नवा जिंकणारच की! नव्या सुनेला तूप-रोटी आणि जुनीला शिळं, वर म्हणायचं जुनीच्या अंगात बळ नाही.

तेव्हापासून मी काही नियम घातलेत. पटले तर घ्या.

एक, बारा आणे जुनं, चार आणे नवं. चार एकर असतील तर तीन एकरात आपलं बसलेलं वाण, एका एकरात नवीन. ज्याची एकरभरच जमीन आहे त्यानं दहा गुंठ्यांवर नवीन जाऊ नये. नवं फसलं तरी घरची भाकरी आणि जनावराचा कडबा सुटला पाहिजे.

दोन, नवं आणि जुनं एकाच रानात शेजारी शेजारी, एकाच दिवशी पेरायचं. आमच्याकडं १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही पेरणीची वेळ. खत, पाणी, कोळपणी सारखी. बांधाकडच्या ओळी हिशोबात धरायच्या नाहीत.

तीन, फक्त दाणा मोजायचा नाही. कडबा किती पेंढ्या झाला, जनावरं धाटं टाकतात का चाटून पुसून खातात, खोडमाशी किती, लोळली किती, आणि शेवटी भाकरी, तीही शिळी करून. सगळं वहीत लिहायचं.

चार, एका सालावर निकाल द्यायचा नाही. एक चांगलं साल, एक दुष्काळी साल, निदान एवढं तरी बघायचं. दर साली वाण बदललं तर वाण चांगलं होतं का पाऊस चांगला होता, हे कधीच कळत नाही. माझी नऊ वर्षांची वही अशीच वाया गेली. नावं भरपूर, ज्ञान थोडं.

पाच, सरळ वाणाचं बियाणं घरी धरता येतं, संकरिताचं धरून चालत नाही, ते दर साली विकतच घ्यावं लागतं. घरी धरायचं तर ताटं मधल्या रानातून निवडा, कारण शेजारच्या वाणाचा पराग थोडाफार येतोच. आणि ते दर साली थोडं तरी पेरा. डब्यात ठेवलेलं बियाणं आठवण म्हणून राहतं, बियाणं म्हणून राहत नाही. शक्य झालं तर दोन घरी द्या.

यंदा मी ओढ्याकडच्या मध्यम रानात तीन एकर घरची मालदांडी, विहिरीकडं रेवती, आणि दहा गुंठे नवं वाण पेरलंय. त्या नव्याचं नाव आज सांगणार नाही. तीन सालं झाली की वहीसकट सांगीन.

भाच्याचं राहिलंच. त्या रात्री मी मुद्दाम त्याच्यापुढं दोन सुपं ठेवली. एकात फुले मधुरचा हुरडा, एकात आईनं दोन ओळी राखलेल्या गूळभेंडीचा. म्हणलं, तुझा नेम नव्याचा, हे नवीन खा. मधुर त्याला आवडला, तसं तो बोललाही. पण गप्पा रंगल्यावर बघतोय तर हात सारखा गूळभेंडीच्या सुपाकडं. मी दाखवून दिलं तर म्हणाला, "मामा, हा आजीच्या हातचा आहे. ह्याची गोष्ट वेगळी."

मी म्हणलं, "मग तुझ्या त्या सहा वर्षं एकच पिणाऱ्या मित्राला हसू नको."

तो म्हणाला, "आणि तुम्ही मला रागवू नका. मधुरचं पण थोडं बांधून द्या."

दिलं. दोन्ही दिलं.

तुमच्या घरात कुठलं बियाणं किती सालापासून आहे आणि यंदा ते पेरलंय का, तेवढं लिहा. नसंल पेरलं तर आज डबा उघडून शंभर दाणे ओल्या गोणपाटात घाला. सात दिवसांनी मोजा.