काकांच्या पुस्तकातली राहिलेली ओळ



दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दव धर्मावर प्रवचन असतं. मान सोडावा, नम्र व्हावं, हे आपण दरवर्षी ऐकतो. गेल्या वर्षी मात्र माझं लक्ष प्रवचनात नव्हतं. घरी आमच्या काकांचा अर्ज लिहून पडला होता. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाने पदकासाठी सरकारला अर्ज करायचा, हा मानच नाही का, असं सारखं मनात येत होतं.

काका म्हणजे माझे चुलत सासरे. गाव शिरोळ तालुक्यातलं. १९६९ साली सैन्यात ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि १९८४ साली पेन्शन घेऊन घरी आले. काकू गेल्यावर ते आमच्याकडे रत्नागिरीला राहायला आले, त्याला आता सहा वर्षं झाली. रोज सकाळी अभिषेकाला जातात, सूर्यास्ताआधी जेवतात, बोलतात कमी.

गेल्या जुलैत मुलाच्या शाळेत कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम होता. घरात माजी सैनिक असतील तर त्यांना पदकं लावून घेऊन या, असा निरोप आला. काकांनी ट्रंक उघडली. आपल्या इथल्या पावसात कागदांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मी ट्रंकेत वाळलेला कडुलिंब घालते, तरी वास येतोच. ट्रंकेतून तीन पदकं निघाली. एक संग्राम पदक, एक १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं आणि एक नऊ वर्षांच्या सेवेचं. कडेवर बारीक अक्षरांत त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं. काका म्हणाले, “एक कमी आहे. पूर्वी स्टार.”

तेव्हा एक नातेवाईक घरी बसले होते. त्यांनी काकांचं डिस्चार्ज बुक चाळलं आणि हसत म्हणाले, “पुस्तकात तर कुठं दिसत नाही. तुम्ही खरंच गेला होता का तिकडं?” काका गप्प बसले. मीही गप्प बसले. खरं सांगते, माझ्याही मनात शंका आली. हल्ली त्यांना विसर पडतो, कधी माझ्या मुलाला त्याच्या बाबांच्या नावाने हाक मारतात. वाटलं, हेही तसंच असेल.

पुढे मी माहिती काढली तेव्हा फरक कळला. १९७१ च्या युद्धाच्या वेळी जे सेवेत होते त्यांच्यासाठी संग्राम पदक होतं. प्रत्यक्ष पूर्व आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. काकांच्या पुस्तकावरून ते युद्धाच्या वेळी सैन्यात होते एवढंच कळत होतं. कुठे होते, ते सांगणारी ओळच नव्हती. या पदकाचे पैसे मिळत नाहीत, पेन्शन एक रुपयाने वाढत नाही. तरी काकांना ती ओळ हवी होती.

अर्ज लिहायला मी बसले. नंबर, हुद्दा, त्या वेळची युनिट, तारखा, ठिकाणं, सगळं लिहायचं होतं. त्यासाठी मी विचारत गेले आणि काका सांगत गेले. घरात कुणाला माहीत नसलेलं त्या तीन दुपारींत पहिल्यांदा बाहेर आलं. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ ला संपलं. मेघालयात गारो टेकड्यांतून सीमेपर्यंत ते ट्रक चालवत. जाताना शिधा आणि दारूगोळा, येताना जखमी. दिवे लावायचे नाहीत, म्हणून रस्ता खराब असला की सोबतचा माणूस पाठीवर पांढरा रुमाल बांधून पुढे चालायचा आणि हे त्या रुमालावर नजर ठेवून गाडी हाकायचे. जानेवारीत मलेरिया झाला, लांबच्या इस्पितळात गेले, बरे झाल्यावर दुसऱ्या युनिटमध्ये धाडले. पहिल्या युनिटने यादी केली तेव्हा हे तिथे नव्हते, आणि दुसऱ्या युनिटच्या यादीत यांचं नाव येण्याचं कारणच नव्हतं. सैन्यात अशी प्रत्येक गोष्ट पार्ट टू ऑर्डर काढून नोंदवतात. ती निघाली नाही तर पुस्तकातही चढत नाही.

“मग तेव्हाच का नाही मागितलं काका?”

“लाज वाटली. देवळात जाणारा माणूस मी. युद्धाचं बक्षीस मागतोय असं वाटायचं.”

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने सोडायची ती संकल्पी, म्हणजे मारायचं ठरवून केलेली. देश, घर, धर्म यांच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. हे आपण पाठशाळेत शिकतो, पण घरातल्या एका माणसाने हा प्रश्न पन्नास वर्षं एकट्याने उरावर वागवला, हे मला माहीत नव्हतं.

पुरावा काय जोडायचा, यावर गाडी अडली. तेव्हा सासूबाई पोथ्यांच्या पेटीतून एक आंतरदेशीय पत्र घेऊन आल्या. डिसेंबर १९७१ चं, काकांनी वहिनीला लिहिलेलं. वर लष्करी टपालाचा शिक्का, नंबर आणि तारीख स्पष्ट. आत युद्धाबद्दल एक अक्षर नाही. खुशाल आहे, आईला सांभाळा, आणि शेवटी एवढंच, की इथे सूर्यास्ताआधी जेवण मिळत नाही, रात्री जेवावं लागतं, तुम्ही देवापुढे माझ्या वतीने क्षमा मागा. सासूबाईंनी ते पत्र इतकी वर्षं जपलं होतं. “मी मागितली होती क्षमा,” त्या म्हणाल्या, “म्हणून पत्र पोथीत ठेवलं.”

मार्दवाच्या दिवशी मी त्यांना माझी शंका बोलून दाखवली, की आई, हा मान नाही का? त्या म्हणाल्या, “नाही केलेलं केलं म्हणून सांगणं हा मान. केलेलं पुस्तकात असावं, ते सत्य. त्याचा दिवस पाचवा.” मग मला श्रवणबेळगोळ आठवलं. गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाने ही मूर्ती करवली अशी नोंद कोरली आहे, आणि ती आपल्या मराठीतही आहे. चामुंडराय गंग राजांचा सेनापती. ज्या बाहुबलींनी जिंकलेलं राज्यसुद्धा सोडलं, त्यांच्या पायाशी करणाऱ्याचं नाव आहे आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही.

क्षमावणीच्या दिवशी मी काकांपुढे हात जोडले आणि सांगितलं, “काका, त्या दिवशी मी तुमच्यावर शंका घेतली. उत्तम क्षमा.” ते म्हणाले, “सूनबाई, मलाही यायची शंका. पुस्तकात नाही, कुणी विचारत नाही, सोबतचे गेले. मग माणूस स्वतःलाच विचारतो, आपण खरंच गेलो होतो का?” तेव्हा मला त्या अर्जाचं मोल कळलं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवला. तीन महिने उत्तर नाही. मग दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहिती अधिकाराचा अर्ज केला. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या दिवसांत काका मुरलीकांत पेटकरांचं नाव काढायचे. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले जवान. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात पॅरालिंपिकचं सुवर्ण मिळवलं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार २०२५ मध्ये. “त्यांना एवढा वेळ लागला, मी तर ट्रकवाला,” असं म्हणून काका हसायचे.

होळीनंतर पत्र आलं. तपासणी झाली, पूर्वी स्टारची नोंद सेवा कागदपत्रांत घेतली आहे, पदक स्वतंत्रपणे येईल. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि सासूबाईंकडे दिलं. “वहिनी, हे त्या पत्राशेजारी ठेवा.” मग घड्याळाकडे बघून मला म्हणाले, “पानं घे सूनबाई, सूर्य बुडायला आला.”

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी कुणी सैन्यातून आलेलं असेल तर त्यांचं पुस्तक एकदा त्यांच्याजवळ बसून वाचा. पदक हरवलं असेल तर मागणी वेगळी आणि नोंदच नसेल तर वेगळी, अर्जात ते स्पष्ट लिहा. पुस्तकाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. पेन्शन नसलेल्यांनी तर उशीर करूच नये, कारण त्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. जुनी पत्रं, पाकिटं, त्यावरचे शिक्के रद्दीत टाकू नका. आणि विचारताना घाई करू नका. आमच्या काकांना सांगायला तीन दुपारी लागल्या, आणि त्याआधी पन्नास वर्षांत आम्ही कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

पदक अजून यायचं आहे. शाळेचा कार्यक्रम यंदाही जुलैत आहे. तोवर आलं तर चारही लावून जातील, नाही आलं तर तीन लावून.