दांड्याचे लाकूड

(इयत्ता ७ वी)

शेतकऱ्याच्या घरी कुऱ्हाड, खोरे, टिकाव, विळा, खुरपे ही अवजारे असतातच. लोखंडाचे काम लोहार करून देतो. पण दांडा आमच्याकडे घरीच करतात. आमचे आबा म्हणतात, "पातं बोथट असलं तर काम अडतं. दांडा वाईट असला तर माणूस जायबंदी होतो."

दांड्याला कोणतेही लाकूड चालत नाही. पांगारा, शेवगा ही लाकडे मऊ. सागवान दारा-खिडक्यांना उत्तम, पण कुऱ्हाडीचे दणके त्याला बाभळीइतके सोसत नाहीत. बाभूळ कठीण व चिवट, आणि ती बांधावरच मिळते. डोंगराकडचे लोक धामणीचा दांडा पसंत करतात. धामण लवते, पण लवकर मोडत नाही.

फांदी सरळ घ्यावी. तिला गाठ नसावी. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. रेषा मध्येच कडेला निघाली, की दांडा तिथेच चिरतो. सालीखालचे पांढरे लाकूड तासून टाकावे, कारण कीड आधी त्याला लागते. मग लाकूड सावलीत वाळवावे. उन्हात टाकले तर भेगा पडतात. ओलाच दांडा बसवला तर तो पुढे आकसतो आणि कुऱ्हाड सैल होते. काही जण ती पाण्यात भिजवून घट्ट करतात, पण वाळली की पुन्हा सैल!

मागच्या वर्षी शेजारच्या मळ्यात अशीच एक सैल कुऱ्हाड दांड्यातून निसटली. ती एका लहान मुलाच्या पायाजवळ येऊन पडली. पोरगं थोडक्यात वाचलं.

माझ्या आईच्या खुरप्याची मूठही आबांनीच केली. बाजारातली मूठ तिच्या हाताला जाड पडायची. खुरपताना तळहाताला फोड यायचे. आबांनी तिच्या मुठीचे माप घेतले, लाकूड तासले, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केले आणि तेल चोळले. आता आईच्या हाताला फोड येत नाहीत.

मित्रांनो, आणि शाळेत आलेल्या पालकांनो, एक विनंती आहे. अवजार उचलण्याआधी दांडा हलवून पाहा. हलला तर पाचर ठोका. चिरला असेल तर त्याला सुतळी गुंडाळून दिवस काढू नका. नवा दांडा करा.