कस्तुराची परीक्षा

परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. परंतु कोणी हौसेने पुन्हा वाचावी अशी एकही त्यांत निघावयाची नाही. ऑलिव्हिये मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराचा मला हेवा वाटतो तो यासाठीच. पॅरिसच्या संगीत-विद्यालयातील बासरीवादकांच्या परीक्षेसाठी १९५२ साली त्याने बासरी व पियानो यांसाठी एक रचना केली आणि तिला कस्तूर पक्ष्याचे नाव दिले. अवघा साडेपाच मिनिटांचा खेळ. पण वादक तो अजून आवडीने वाजवितात.

परवा पहाटे भंडाऱ्यास घरी मी ती रचना ऐकत बसलो होतो. आरंभी पियानोच्या खर्जात अंधार गुरगुरतो. तो निवतो आणि बासरी एकटीच बोलू लागते. एक शीळ, थोडा विसावा, एक गिरकी, पुन्हा विसावा. इतक्यात अंगणातल्या कडुनिंबावर दयाळ गाऊ लागला. दोघांचे सूर जुळले असे मी म्हणणार नाही; दोघेही आपापले गात राहिले. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, यांतला पक्षी कोणता?”

मला हसू आले नाही. माझे वडील वैनगंगेकाठच्या आमच्या गावी मंडईच्या दंडारीत बासरी वाजवीत. मध्येच ते दयाळाची शीळ काढीत आणि लोक खूष होत. नागपुरास इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला मी एकदा त्यांना म्हणालो, “बाबा, पाखरांची नक्कल म्हणजे संगीत नव्हे.” ते काही बोलले नाहीत. बासरी त्यांनी फळीवर ठेवली ती पुन्हा काढली नाही.

मेसियाँ मात्र पाखरांनाच सर्वश्रेष्ठ संगीतकार मानी आणि कागद-पेन्सिल घेऊन त्यांची गाणी टिपीत रानोमाळ हिंडे. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीस शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त नोंदलेले १२० देशी तालही त्याने अभ्यासिले होते. देवगिरी आमच्या महाराष्ट्रातील, दयाळ आमच्या अंगणातला. आणि दोहोंची थोरवी मला पॅरिसहून कळावी! त्याहून लाजेची गोष्ट ही, की वडिलांचे म्हणणे खरे मानावयासही मला एका परदेशी प्राध्यापकाची साक्ष लागली.

त्या सकाळी फळीवरची बासरी काढून, धूळ पुसून मी ओठांना लावली. नुसता वारा निघाला. वडील असते, तर फुंकर कशी घालावी, एवढेच त्यांना विचारले असते.