बिनआवाजाचा सायलेन्सर

पेणला आमच्या आळीच्या तोंडाशीच गणपतीचा कारखाना होता. घरोघरचे पाट आधीच तिथे पोचते झालेले असत आणि श्रावण लागला की शाळेतून येताना मी दारात रेंगाळायची. आत शाडूच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या. काहींना पांढरा रंग चढलेला, काहींच्या सोंडा अजून ओल्या. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी. ती करणारे काका म्हणत, "डोळे होईतो बघू नये गं." पण मला हाकलत मात्र नसत. त्या बिनडोळ्यांच्या मूर्तींची जी ओढ होती, तशी मखरात बसलेल्या गणपतीची कधी लागली नाही. साठी उलटल्यावर हे सांगायला हरकत नसावी.

हे सगळं आठवलं ते एका गाडीमुळे. गाड्यांतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

2018 च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे लेओनबर्गला होते. स्टुटगार्टच्या पश्चिमेला टेकडीवर वसलेलं हे गाव. योहानेस केप्लर लहानपणी इथल्या शाळेत शिकला. गावाचा तेवढा एकच मोठेपणा असेल असं मी धरून चालले होते. सकाळी नातवाला घेऊन बेकरीत ब्रेत्सेल आणायला जायचं, हा माझा नेम. एके दिवशी सिग्नलपाशी त्याने माझा हात इतका घट्ट धरला की पिशवी पडता पडता राहिली.

"आज्जी, हलू नकोस. प्रोटोटाइप!"

समोर काळी गाडी थांबली होती. बुटकी, रुंद, जमिनीला पोट टेकवून बसलेल्या मांजरासारखी. पण तिचं काहीतरी बिनसलेलं होतं. जागोजागी काळ्या पट्ट्या डकवलेल्या. दिव्यांवर स्टिकर, त्यामुळे डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात तेच समजेना. मागे मात्र सायलेन्सरची दोन नळकांडी ऐटीत बाहेर आलेली. सिग्नल हिरवा झाला. मी सवयीने कान आवळले. आणि ती गेली, पाण्यावरून साप जावा तशी. धूर नाही, गुरगुर नाही, नुसती टायरांची सरसर.

"तिला इंजिनच नाही," नातू कुजबुजला. "ती नळकांडी खोटी आहेत. लोकांना वाटावं पेट्रोलची आहे म्हणून."

मला हसू आवरेना. जिला आवाजच नाही, तिला सायलेन्सर! लपवायला निघालेल्याने नेमकी तीच वस्तू चिकटवावी, जिच्यामुळे पितळ उघडं पडेल. रस्त्यावरून नुसतंच बघणारा फसला असता. कान उघडे असलेला फसला नाही.

गावाच्या पलीकडे थोड्याच अंतरावर वाइसाख आहे. तिथे 1961 साली फेरी पोर्शे यांनी पहिली कुदळ मारली आणि पुढे पोर्शे कंपनीच्या गाड्यांची आखणी आणि चाचणी तिथेच होत गेली. त्यामुळे अशी झाकलेली तोंडं या बाजूला अधूनमधून दिसतात. नव्या गाडीचं रूप लपवायला इतर कंपन्या काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांची नक्षी चिकटवतात. आपण आकार ओळखतो तो वळणांवर पडलेल्या उजेडावरून. नक्षी तो उजेडच विस्कटून टाकते. पहिल्या महायुद्धात नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने इंग्रजांची जहाजं अशीच चितारायला लावली होती. पाणबुडीतल्या माणसाला जहाजाची दिशा आणि वेग कळू नये, एवढ्यासाठी.

रात्री जेवताना मी जावयांना त्या काळ्या गाडीबद्दल विचारलं. ते ज्या कंपनीत आहेत ती गाडीवाल्यांना काहीबाही पुरवते. ते म्हणाले, "आई, अजून थोडा भात घ्या." बस, तेवढंच. गणपतीच्या कारखान्यातल्या काकांचीच जात.

खरं तर पोर्शेच्या या गाडीचं स्वप्नरूप 2015 मध्येच फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात सगळ्या जगाने पाहिलं होतं. 'मिशन ई' असं नाव, पुढची आणि मागची दारं कपाटासारखी समोरासमोर उघडणारी, मधे खांब नाही. मग आता झाकायचं काय होतं? मला वाटतं, स्वप्न रस्त्यावर उतरताना काय काय सोडून देतं, तेच. दारांमधला खांब परत आला आणि दारं शहाण्यासारखी एकाच बाजूने उघडू लागली.

2018 च्याच जूनमध्ये नाव जाहीर झालं: टायकन. 8 जून 1948 रोजी पहिल्या पोर्शे गाडीला रस्त्यावर फिरायची परवानगी मिळाली होती, त्याला 70 वर्षं झाल्याच्या निमित्ताने. नावाचा अर्थ चैतन्याने भरलेलं तरणं शिंगरू. तुर्कीत 'ताय' म्हणजे शिंगरू आणि 'जान' आपलीच, फक्त स्पेलिंग वेगळं. स्टुटगार्ट हे नावसुद्धा घोड्यांच्या पागेवरून पडलेलं. पोर्शेच्या बिल्ल्यावर जो घोडा उधळतो तो या शहराचाच. शिंगराच्या नावाची गाडी पागेच्या गावात पट्ट्या लावून हिंडत होती, हे मला फार आवडलं. इतकं की परतताना विमानातही मी त्या दोन नळकांड्यांचाच विचार करत होते.

पडदा उठला 4 सप्टेंबर 2019 ला. आमच्याकडे गणपतीचा तिसरा दिवस, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. नायगाराचा धबधबा, बर्लिनजवळचं सौर केंद्र आणि चीनमधलं पवनचक्क्यांचं बेट, अशा तीन ठिकाणी एकदम. पाणी, ऊन, वारा. आरती आटोपून नातवाने पाठवलेला व्हिडिओ उघडला. गाडी देखणी होती, वादच नाही. डोळे रेखलेले, अंग तकतकीत. शंभराचा वेग 2.8 सेकंदांत. किंमत 1 लाख 85 हजार युरोंच्या वर, म्हणजे आपण बघायचं आणि सोडून द्यायचं. नळकांडी गेली होती. पण त्या महागड्या मॉडेलचं नाव काय, तर 'टर्बो एस'! टर्बो बसवायचा पेट्रोलच्या नाहीतर डिझेलच्या इंजिनाला. इथे इंजिनच नाही. एक खोटं उतरवलं आणि दुसरं पितळी अक्षरांत मिरवायला ठेवलं. मला ती पट्ट्यांची गाडीच बरी वाटते; तिचं खोटं निदान तात्पुरतं होतं.

परवा नातवाने फोटो पाठवला. तोही आता मिसरूड फुटलेला, गाड्यांवरून त्याचं मन उडालंय. त्याच बेकरीसमोर एक टायकन उभी आहे. पांढरी, धुळीने माखलेली, आणि मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची.