मधली इंग्रजी

पुण्यातल्या एका भाषांतर कंपनीत मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे भाषांतर करायचं नाही, करणारी माणसं शोधायची. फ्रान्समधल्या एका ऑनलाइन दुकानाचं काम आलं: कपडे, बूट, बॅगा, सगळा मजकूर फ्रेंचमधून ग्रीकमध्ये. आमच्या यादीत इंग्रजीतून ग्रीक करणारे बरेच, फ्रेंचमधून करणारं एकही नाही. मग मी सोपा रस्ता काढला. आधी फ्रेंचचं इंग्रजी, मग इंग्रजीचं ग्रीक. मला फ्रेंच येतं, ग्रीकची अक्षरंही वाचता येत नाहीत. फाइल आली, शब्द मोजले, पुढे पाठवली.

दुकानाने तपासायला एक ग्रीक बाई नेमल्या होत्या. त्यांचे शेरे आले. फ्रेंचमध्ये कपड्याच्या मापाला ‘ताय’ म्हणतात, बुटाच्या मापाला ‘प्वँत्यूर’. ग्रीकमध्येही दोन शब्द आहेत, मेयेथोस आणि नूमेरो. मधल्या इंग्रजीत दोन्हींचं ‘साइझ’ झालं आणि बूटही मेयेथोसमध्ये गेले.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण युरोपात ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येतात, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. फ्रेंचमध्ये ‘रेत्राक्तासिओं’. इंग्रजीत झालं ‘विथड्रॉवल’, ते बरोबरच. ग्रीकमध्ये मात्र ‘अनालिप्सी’, म्हणजे बँकेतून पैसे काढणं.

भाषांतर करणारीला काय बोलणार? मीच तिला एक्सेल दिलं होतं, एका चौकटीत एक शब्द, मागेपुढे काही नाही. मूळ फ्रेंच आहे हेसुद्धा सांगितलं नव्हतं.

मग नीट शोधायला बसले. कॉर्फू बेटावरच्या आयोनियन विद्यापीठात भाषांतराचा विभाग आहे, इंग्रजी-जर्मनबरोबर तिथे फ्रेंचही आहे. तिथून शिकलेल्या एकीला मेल केला. दर आमच्या बजेटच्या दुप्पट. वर तिचेच प्रश्न: वस्तूंचे फोटो कुठे आहेत? गिऱ्हाईकाला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’?

फ्रेंचमध्ये सगळीकडे ‘वू’ होतं, इंग्रजीत त्याचं ‘यू’ झालं आणि विषयच संपला. घरात आत्याला ‘अगं’ म्हणायचं की ‘अहो’ यावर वाद घालणारी मी, आणि मला हे सुचू नये!

सरांनी फक्त कायद्याची पानं तिला द्यायला होकार दिला. बूट अजून इंग्रजीतूनच जातात. पण त्या एक्सेलमध्ये मी आता एक कॉलम जास्तीचा ठेवते, मूळ फ्रेंचचा. शेजारी फोटोची लिंक.