उलाळ गाडी

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भाच्याने मोटारीमागे ओढायचे फिरते घर जोडायला घेतले, तेव्हा मला गावची बैलगाडी आठवली. ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होई. जू वर उठे नि बैलांचे गळे आवळत. इथेही शास्त्र तेच! घराच्या भरल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार मोटारीच्या आकड्यावर हवा. म्हणून जड सामान आसाजवळ, किंचित पुढे. मागे रचाल, तर वेगात घर शेपटासारखे झुलू लागते. शिवाय आकड्याखाली फुलीसारख्या दोन साखळ्या, घराला स्वतःचे ब्रेक, उतारावर खालचा गिअर. वाचकहो, बोरघाट उतरताना मागच्या आसनावर मुले बसलेली असतात. भाच्याने रंगाआधी वजनकाटा गाठला, याचेच मला कौतुक वाटले.